हंगामाचा ताळेबंद

एखादी मोठी स्पर्धा संपली, की आपल्याकडे दोनच प्रकारची भाषा ऐकू येते. संघ जिंकला असेल, तर विमानतळावर हारतुरे, ढोलताशे आणि बक्षिसांच्या घोषणा. हरला असेल, तर खेळाडूंची, प्रशिक्षकांची आणि निवड समितीची यथेच्छ निर्भर्त्सना. चार दिवसांनी दोन्ही आवाज विरून जातात आणि पुढची स्पर्धा येईपर्यंत मैदानाकडे कोणी फिरकत नाही. शेतकऱ्याला असे वागून चालत नाही. पीक घरात आले, की यंदा धान्य का उणे भरले याचा तो विचार करतो; शेत रिकामे दिसत असते त्याच दिवसांत नांगरट करतो, बांध सावरतो, पुढच्या पेरणीचे बी निवडून ठेवतो. पुढची सुगी कशी होणार, हे बऱ्याच अंशी त्या महिन्यांत ठरते. खेळाच्या संघाचेही तसेच आहे. हंगामात जे दिसते ते पीक; दोन हंगामांच्या मधल्या काळात जे घडते ती मशागत.

हा विचार पडताळून पाहायला हॉकीसारखा दुसरा खेळ नाही आणि हॉकीचा विचार करायला झाशीसारखे दुसरे गाव नाही. मराठी वाचकाला झाशी ओळखीची आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथामुळे. परंतु या शहराचा आणखी एक वारसा आहे. २९ ऑगस्ट १९०५ रोजी प्रयागला जन्मलेले ध्यानचंद वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे झाशीला आले आणि झाशीचेच झाले. येथील ‘झाशी हीरोज’ या संघातून ते आणि त्यांचे धाकटे बंधू रूपसिंह खेळले. १९७९ च्या डिसेंबरात ध्यानचंद यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही हीरोज मैदानावरच. ज्या शहराने आपल्या खेळाडूला मैदानातच निरोप दिला, त्या शहराच्या साक्षीने आजच्या संघाचा हिशेब मांडणे सयुक्तिक ठरेल.

त्यासाठी भारतीय पुरुष हॉकी संघाचा ऑगस्ट २०२४ ते सप्टेंबर २०२५ हा एका वर्षाहून थोडा अधिक काळ डोळ्यांसमोर ठेवू. ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने स्पेनला २-१ असे नमवून कांस्यपदक मिळवले. टोकियोनंतरचे हे सलग दुसरे पदक. लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये पदक मिळण्याचा योग याआधी १९६८ आणि १९७२ साली आला होता. याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर प्रथमच भारताने हरवले. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळून बाहेर जावे लागले. उरलेल्या दहा जणांनी चाळीस मिनिटांहून अधिक काळ सामना बरोबरीत रोखून धरला आणि शूटआऊटमध्ये ४-२ असा विजय मिळवला. सप्टेंबरमध्ये चीनमधील हुलुनबुइर येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकही पदरात पडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये भुवनेश्वरला झालेल्या प्रो लीगच्या आठ सामन्यांतून १५ गुण मिळाले. येथपर्यंत सारे आशादायक होते.

जूनमध्ये संघ प्रो लीगच्या उरलेल्या आठ सामन्यांसाठी युरोपात गेला आणि लागोपाठ सात सामने हरला. नेदरलँड्सकडून १-२ आणि २-३, अर्जेंटिनाकडून ३-४ आणि १-२, ऑस्ट्रेलियाकडून दोनदा २-३ आणि बेल्जियमकडून ३-६. शेवटच्या सामन्यात बेल्जियमला ४-३ असे हरवून त्याने मालिका थोपवली; तरीही नऊ संघांच्या लीगमध्ये १८ गुणांसह त्याला आठव्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्यानंतर दोन महिन्यांनी, ध्यानचंद यांच्या जन्मदिनीच, बिहारमधील राजगीर येथे आशिया चषक स्पर्धा सुरू झाली. ७ सप्टेंबरला अंतिम सामन्यात कोरियाला ४-१ असे हरवून भारताने आठ वर्षांनी हा चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषक स्पर्धेत थेट प्रवेश मिळवला.

पॅरिसचे पदक आणि राजगीरचा चषक पाहणाऱ्याला हा हंगाम उत्तम वाटेल. जूनचे आकडे पाहणाऱ्याला तो निराशाजनक वाटेल. दोन्ही निर्णय उतावळे आहेत. सात पराभवांपैकी सहा पराभव केवळ एका गोलाच्या फरकाने झाले. जगातल्या बलाढ्य संघांशी इतक्या बरोबरीने खेळणारा संघ दुबळा म्हणता येत नाही. पण एक गोल सहा वेळा कमी पडला, तर त्याला केवळ दुर्दैव म्हणूनही चालणार नाही. नाणे सहाही वेळा एकाच बाजूने पडले, तर ते हाती घेऊन नीट पाहिले पाहिजे.

राजगीरला काय घडले तेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पहिल्याच सामन्यात चीनवर भारताने ४-३ असा विजय मिळवला, दुसऱ्या सामन्यात जपानवर ३-२ असा. म्हणजे येथेही फरक एकाच गोलाचा होता. तो या वेळी आपल्या बाजूने पडला, कारण समोर नेदरलँड्स किंवा ऑस्ट्रेलिया नव्हते. चीनविरुद्धचे चारही गोल पेनल्टी कॉर्नरवर झाले होते. मात्र स्पर्धा पुढे सरकली तसा खेळही सुधारला. त्याच चीनला आठवडाभरात ७-० असे हरवले आणि अंतिम सामन्यातील चार गोलांपैकी तीन गोल चालू खेळातून आले. चषकापेक्षाही ही सुधारणा अधिक मोलाची आहे.

मग उणीव नेमकी कोठे आहे? पहिली उणीव एकाच खेळाडूवर असलेल्या भाराची. पॅरिसमध्ये भारताने एकूण १५ गोल केले, त्यांतले १० एकट्या कर्णधार हरमनप्रीतसिंगचे होते. हा त्याच्या गुणांचा गौरव आहे आणि संघाला दिलेला इशाराही. जूनमध्ये बोटाच्या दुखापतीमुळे त्याला काही काळ बाहेर राहावे लागले, तेव्हा त्या इशाऱ्याचा अर्थ कळला. कोणी म्हणेल, की १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्येही भारताच्या २९ गोलांपैकी १४ ध्यानचंद यांचे होते. गोष्ट खरी, परंतु त्या गोलांमागे आक्रमक फळीतील पाचही जणांची आपसांतली देवाणघेवाण होती. चेंडू पायाशी आला, की पुढचा पास कोठे जाणार हे साऱ्यांना उमगे. आजच्या संघाला गरज आहे ती चालू खेळातून गोल करणाऱ्या अशा जुळणीची. ही जुळणी स्पर्धेच्या धामधुमीत घडत नाही. तेच चार-पाच खेळाडू महिनोन्महिने एकत्र सराव करतात, तेव्हा ती घडते.

दुसरी उणीव गोलरक्षणाची. २००६ पासून संघात असलेल्या पी. आर. श्रीजेशने पॅरिसनंतर निवृत्ती घेतली. अठरा वर्षे ज्याच्या भरवशावर बचावफळी पुढे सरकत होती, तो माणूस एका दिवसात मागून नाहीसा झाला. कृष्णबहादूर पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा हे दोघेही कसलेले गोलरक्षक आहेत. पण श्रीजेशच्या सावलीत त्यांना मोठे सामने फारसे मिळाले नव्हते. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षकासह फक्त पाच जण गोल राखत असतात आणि ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारा चेंडू त्यांना अडवायचा असतो. त्या क्षणी कोणी कोठे धावायचे हे बोलून ठरवायला वेळ नसतो. ते अंगवळणी पडलेले असावे लागते. उत्तराधिकारी जागा रिकामी झाल्यावर शोधायचा नसतो. ती भरलेली असतानाच त्याला घडवायचे असते, हा धडा यापुढे प्रत्येक जागेसाठी गिरवला पाहिजे.

तिसरी उणीव शेवटच्या मिनिटांची. हॉकीत खेळाडूंची अदलाबदल कितीही वेळा करता येते. त्यामुळे साठाव्या मिनिटाला मैदानावर ताजेतवाने अकरा जण उभे करणे ज्याला साधते, तो संघ एका गोलाने जिंकतो. याचा अर्थ असा, की राखीव खेळाडू पहिल्या अकरांच्या तोडीचे हवेत. युरोपातले काही सामने भारताने अखेरच्या क्षणी गमावले, त्यामागे मनोबलापेक्षा हे गणित अधिक आहे.

पराभवाकडे कसे पाहावे, याचा वस्तुपाठ ध्यानचंद यांच्याच कारकिर्दीत सापडतो. १७ जुलै १९३६ रोजी, बर्लिन ऑलिंपिकच्या तोंडावर, सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. दोन वेळच्या विजेत्या संघाचा हा पराभव होता आणि कर्णधार ध्यानचंद होते. सरावाचा सामना होता, म्हणून तो विसरून जाणे सोपे होते. तसे झाले नाही. आक्रमक फळीत नेमकी कोणती जागा कच्ची आहे हे ओळखले गेले, मायदेशी तार गेली आणि त्या जागेसाठी दारा यांना बोलावण्यात आले. ते विमानाने निघाले आणि उपांत्य सामन्यापर्यंत येऊन पोहोचले. १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात भारताने त्याच जर्मनीला ८-१ असे हरवले. मध्ये केवळ एकोणतीस दिवस गेले होते. संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले आणि एकच गोल स्वीकारला. हे आकडे सर्वांना पाठ असतात. १७ जुलैचा पराभव आणि त्यानंतरचा निर्णय मात्र फार थोड्यांच्या स्मरणात असतो. वास्तविक शिकण्याजोगे त्यातच अधिक आहे.

ध्यानचंद चांदण्यात एकटे सराव करीत, अशी कथा नेहमी सांगितली जाते. कथा सुंदर आहे, पण तिच्यामुळे एक गैरसमज पसरतो. थोर खेळाडू एकट्याच्या तपश्चर्येतून जन्माला येतो आणि समाजाने त्यासाठी काही करण्याची गरज नसते, असे वाटू लागते. सोळाव्या वर्षी सैन्यात दाखल झालेल्या या तरुणाला पलटणीने मैदान दिले, सामने दिले आणि खेळायला वेळ दिला. झाशीने त्यांना बरोबरीचे सवंगडी दिले. १९३३ साली झाशी हीरोज हा संघ कलकत्त्याच्या बायटन चषकाच्या अंतिम फेरीत कलकत्ता कस्टम्स या मातब्बर संघासमोर उभा राहिला आणि एकमेव गोलाने जिंकला. तो गोल ध्यानचंद यांचा नव्हता. त्यांच्या पासवर इस्माईल यांनी केलेला होता. तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा हा मानकरी आपल्या आत्मचरित्रात आयुष्यातील सर्वोत्तम सामना म्हणून उल्लेख करतो तो याच सामन्याचा. एका जिल्ह्याच्या गावातील संघाला देशातील मोठा चषक जिंकता येत होता, ही त्या काळाची खरी श्रीमंती होती.

ती श्रीमंती ओसरली कशी, हेही झाशीच्याच एका घराच्या इतिहासात दिसते. १९७५ साली क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल केला तो ध्यानचंद यांचे पुत्र अशोककुमार यांनी. ते मैदान गवताचे होते. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. अशोककुमार त्याही संघात होते. संघ सातव्या क्रमांकावर गेला. एका वर्षात खेळाडू खेळ विसरले नव्हते. पायाखालची जमीन बदलली होती आणि तिच्यावर सराव करण्याची सोय देशात नव्हती. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये अनेक बलवान देशांच्या अनुपस्थितीत सुवर्णपदक मिळाले; त्यानंतरच्या पदकासाठी एक्केचाळीस वर्षे वाट पाहावी लागली. मध्ये २००८ साली तर बीजिंग ऑलिंपिकची पात्रताही हुकली. मैदानाच्या बाबतीत झालेला उशीर किती महागात पडतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

म्हणून आज संघाच्या गरजांची यादी करताना ती बंगळुरूच्या राष्ट्रीय शिबिरापाशी थांबवता येणार नाही. झाशीहून कानपूरच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटरवर चिरगाव आहे. राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचे हे जन्मगाव. अशा गावातल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने हॉकी खेळायचे ठरवले, तर त्याच्या वाटेत काय काय असेल? मातीच्या पटांगणावर उसळणारा चेंडू अडवण्याची सवय लागलेला हात कृत्रिम हिरवळीवर उशीर करतो. काही कोटी रुपये खर्चाचे असे मैदान प्रत्येक गावात होणे शक्य नाही, हे मान्य. परंतु दर आठवड्याला दोन वेळा मुलांना जवळच्या मैदानावर नेणारी गाडी, शाळेशाळेत टिकणारा एक प्रशिक्षक आणि वर्षभरात खेळायला मिळणारे वीस-पंचवीस सामने एवढे तर जिल्ह्याला अशक्य नाही.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. याच उत्तर प्रदेशात गाझीपूर जिल्ह्यात करमपूर नावाचे खेडे आहे. तेथे तेजबहादुर सिंह यांनी गावातच मुलांसाठी हॉकीचे मैदान उभे केले. पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्धच्या शूटआऊटमध्ये निर्णायक गोल मारणारा राजकुमार पाल त्याच गावचा. त्याच शूटआऊटमध्ये गोल करणारा ललित उपाध्याय वाराणसीचा. आपल्याकडे पुण्याजवळच्या खडकीने हेच केले. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्या घेऊन खेळणारा धनराज पिल्ले पुढे चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धा खेळला. ओडिशातील सुंदरगड जिल्ह्याने किती खेळाडू दिले, हे तर सर्वश्रुत आहे. या ठिकाणांत साम्य एकच आहे: मैदान घराजवळ होते आणि ते मुलांसाठी मोकळे होते.

आणखी एक गरज मैदानाबाहेरची आहे. शिबिरे आणि स्पर्धा यांमुळे खेळाडू मुलांची शाळा महिनोन्महिने बुडते. मग काठी किंवा पुस्तक यांपैकी एक निवडा, असे त्यांना सांगितले जाते. पुष्कळ पालक पुस्तक निवडतात आणि त्यात त्यांची चूक नाही. कारण शेकडो मुलांतून एखादेच राष्ट्रीय संघात पोहोचते आणि उरलेल्यांना आयुष्य काढायचे असते. मुक्त विद्यालयीन शिक्षणासारखी सोय अशा मुलांसाठीच आहे. सवडीने परीक्षा देण्याची मुभा असेल, तर खेळ हा जुगार राहत नाही आणि अधिक मुले अधिक वर्षे मैदानावर टिकतात.

हा ताळेबंद महिला संघाचा उल्लेख केल्याविना पुरा होणार नाही. टोकियोला चौथे स्थान मिळवून या संघाने देशाचे मन जिंकले होते. परंतु जानेवारी २०२४ मध्ये रांची येथे जपानकडून ०-१ असा पराभव झाल्याने पॅरिसची संधी गेली आणि २०२४-२५ च्या प्रो लीगमध्ये संघ तळाशी राहून लीगबाहेर फेकला गेला. येथेही अंतर एका गोलाचेच होते. टोकियोनंतरच्या कौतुकाचा थोडा अंश जरी नव्या खेळाडूंच्या घडणीकडे वळला असता, तरी ते अंतर भरून निघाले असते, असे मानायला जागा आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. देशात शाळांना इमारती नाहीत, पाणी नाही. तेथे हॉकीच्या मैदानांची भाषा कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. मात्र मुलांना एकत्र धावायला, हरायला आणि हरल्यावर पुन्हा उभे राहायला शिकवणारी जागा ही शाळेचाच भाग आहे. इमारतीच्या तोडीची ती गरज नसेलही, पण ती चैन खासच नव्हे. आणि पदक मिळाल्यावर बक्षिसांसाठी पैसा निघतो, तर मैदानासाठी तो निघणार नाही असे म्हणता येत नाही.

२९ ऑगस्ट हा दिवस २०१२ पासून देशभर राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी झाशीत आणि इतरत्र ध्यानचंद यांच्या प्रतिमेला हार घातले जातात, भाषणे होतात. ते योग्यच आहे. परंतु हंगामाचा हिशेब मांडू पाहणाऱ्याने ३० ऑगस्टला संध्याकाळी चिरगावसारख्या गावात एक फेरी मारावी. मैदानाचे फाटक उघडे आहे का, तेथे किती मुले आहेत, त्यांना शिकवणारे कोणी आहे का आणि त्यांचा पुढचा सामना कोणत्या तारखेला आहे, एवढे चारच प्रश्न विचारावेत. पुढचा हंगाम कसा जाईल याचे पुष्कळसे उत्तर त्याला तेथेच मिळेल.